२५ लिटरचा गिझर बदलायचाय: खालून थेंब, आरसीसीबी पडतो, भिंत चिऱ्याची

खोर्ली_म्हापसा:

नमस्कार मंडळी. म्हापशात खोर्लीला चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. न्हाणीघरात २५ लिटरचा, २ किलोवॅटचा उभा गिझर, नऊ वर्षांचा, टाकीला आतून काचेचा लेप असलेला. आता एकदम दोन तक्रारी सुरू झाल्यात. खालून थेंब पडतात, आणि पाणी तापत ठेवलं की आठ-दहा मिनिटांनी घराचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. गिझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) खाली करून ठेवला तरीसुद्धा कधीकधी आरसीसीबी पडतो, याचा मात्र उलगडा होत नाही.

बाकी माहिती अशी. नळाला अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, पण मार्च ते मे सोसायटी त्यात बोअरवेलचं पाणी मिसळते. टाकी गच्चीवर आहे, यंदा सोसायटीने प्रेशर पंपही लावलाय. गिझरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपियरचा सिंगल पोल एमसीबी, आणि १६ अँपियरचा सॉकेट न्हाणीघराच्या आतच, गिझरच्या बाजूला. भिंत चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची, गिलावा केलेली. घरात चार माणसं, आंघोळ बादलीने.

बघायला आलेला कारागीर म्हणाला, खालच्या व्हॉल्व्हला बूच मारतो, थेंब थांबतील. ते करू दिलेलं नाही. दुरुस्तीत अर्थ आहे का बदलावाच? बदलायचा तर कुठल्या टाकीचा, किती लिटरचा? वायर तीच चालेल का?

तारमाप_फोंडा:

बूच मारू दिलं नाहीत हे फार बरं केलंत. त्याबद्दल नळाचं काम जाणणारे सांगतीलच, मी विजेपुरतं लिहिते.

आधी आजच्या आज गिझरचा प्लग सॉकेटमधून ओढून काढा. एमसीबी खाली करणं पुरेसं नाही. तुमचा एमसीबी सिंगल पोल आहे, तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रल पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला जोडलेलाच राहतो. एलिमेंटचं आवरण आतून फुटलं असेल तर न्यूट्रल पाण्यातून आणि टाकीतून अर्थला (अर्थिंगच्या तारेला) टेकतो. मग घरात पंखा, फ्रिज, इस्त्री काहीही चालू असलं की त्यांच्या परतीच्या करंटचा थोडा भाग न्यूट्रलने न जाता अर्थवाटे जातो. आरसीसीबी फक्त येणारा आणि परत जाणारा करंट सारखा आहे का एवढंच पाहतो. ३० मिलिअँपियरच्या आसपास फरक दिसला की तो पडतो. म्हणून गिझर ‘बंद’ असताना तो पडतो, आणि घरात लोड जास्त असेल तेव्हा जास्त वेळा पडतो. प्लग काढला की फेज, न्यूट्रल दोन्ही सुटतात. त्यानंतर आरसीसीबी पडायचा थांबला तर दोष गिझरमध्येच आहे हे पक्कं.

आता मोजमाप. प्लगच्या पिनांवरच करता येतं, गिझर उघडायची गरज नाही. थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवा, पाणी गार असू द्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये मोजा. २ किलोवॅटच्या एलिमेंटला २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे २६ ओहम दिसायला हवेत. अनंत दिसलं तर एलिमेंट तुटलंय किंवा कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) पडलाय. पण तुमचा गिझर पाणी तापवतोय, म्हणजे इथे २६ च्या आसपासच दिसेल आणि ‘एलिमेंट चांगलंय’ असा गैरसमज होईल. खरी चाचणी दुसरी: फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडायच्या आणि त्या व अर्थची जाड पिन यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायचं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर एलिमेंट बाद. साध्या मल्टिमीटरने ही चाचणी करू नका. त्याच्या बॅटरीचा दाब काही व्होल्टांचाच असतो, त्याला बारीक भेग दिसतच नाही. मेगर गार असताना एकदा आणि पाणी तापल्यावर लगेच प्लग काढून एकदा, असं दोनदा लावा. तुमचा आठ-दहा मिनिटांनी पडतो याचा अर्थ भेग तापल्यावर उघडते. गार असताना मेगर चांगला आकडा दाखवू शकतो.

नुसतं एलिमेंट गेलं असतं तर एलिमेंट आणि गॅस्केट बदलून काम झालं असतं. पण नऊ वर्षांची टाकी आणि शिवाय थेंब. थेंब टाकीतून असतील तर एलिमेंटवर खर्च करू नका.

वायरिंग: २ किलोवॅट म्हणजे ८.७ अँपियर. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपियरचा एमसीबी याला व्यवस्थित पुरतात. वायर बदलायची गरज नाही, पण मध्ये कुठे सांधा आहे का ते पाहा. सांधा असेल तर तिथेच जळतं. बदलायचं ते हे:

न्हाणीघरातला सॉकेट बंद करून टाका. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी पिनांवर थर चढतो, पकड सैल होते, आणि रोज अर्धा तास पावणेनऊ अँपियर वाहिले की प्लास्टिक तपकिरी होऊ लागतं. तुमचा प्लग आत्ता ओढाल तेव्हा पिनांच्या मुळाशी पाहा, रंग बदललेला असेल. न्हाणीघराच्या बाहेर, दाराशेजारी २० अँपियरचा डबल पोल (फेज, न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच लावा, चालू असल्याचा दिवा असलेला. तिथून वायर आत नेऊन गिझरपाशी झाकण असलेल्या कनेक्टर बॉक्समध्ये जोडा. काही कंपन्या गिझरचा मूळ प्लग कापल्यास वॉरंटी नाकारतात, तेव्हा कापण्याआधी कार्ड वाचा. तसं असेल तर सॉकेट राहू द्या, पण नवा, झडप असलेला घ्या, शक्य तेवढा उंच आणि शॉवरपासून शक्य तेवढा दूर लावा. डबल पोल स्विच मात्र दोन्ही प्रकारात बाहेर हवाच.

आणि अर्थिंग. आरसीसीबी पडतोय म्हणून वैतागून त्याला बगल देणारे लोक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. आपल्याकडे बऱ्याच इमारतींचा अर्थ म्हणजे इमारतीचा स्वतःचा खड्डा. जांभ्या जमिनीत पावसाळ्यात त्याचा रोध ठीक असतो, एप्रिल-मेमध्ये माती सुकली की तो वाढतो. समजा तो २० ओहम झाला. गिझरचा फेज सरळ अंगाला टेकला तरी करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी साडेअकरा अँपियरला पडतच नाही. तो निवांत चालू राहतो आणि गिझरच्या अंगावर, नळावर, तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पाण्यात जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असतं. अशा ठिकाणी वाचवतो तो फक्त ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते बटण यंत्र चालतं का एवढंच सांगतं, अर्थ चांगला आहे का ते सांगत नाही. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३० दाखवले तरी अर्थ चांगला असं समजू नका. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजून केसाएवढी उरलेली तारही त्याला पुरते. अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर असलेल्या वायरमनकडून मोजून घ्या, आणि मोजायचं ते मे महिन्यात.

नळजोड_डिचोली:

ताईंनी विजेचं काही शिल्लक ठेवलं नाही. पाण्याचं मी सांगतो.

थेंब नेमका कुठून येतो ते आधी ठरवा. गिझरखाली चार जागा असतात: सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड, गार-गरम नळीचे आटे, मधल्या फ्लँजची (एलिमेंट बसवलेल्या झाकणाची) कड, आणि बाहेरच्या डब्याची शिवण. प्रत्येकाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, तासाभराने पाहा. कुठली ओली झाली ते कळेल. गिझर पूर्ण बंद, पाणी गार, अशा स्थितीत रात्रभर एक फेरी करा.

फक्त तापताना व्हॉल्व्हमधून थेंब येत असतील तर तो दोष नाहीच. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २६ अंशांवरून ६० ला नेलं की ते सुमारे तीनशे-साडेतीनशे मिलिलिटरने वाढतं, एक मोठा पेला समजा. व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न आहे, त्यामुळे ते पाणी मागे नळीत जाऊ शकत नाही. गरम नळ बंद आहे. मग ते जाणार कुठे? त्यासाठीच ते तोंड ठेवलंय. बूच मारलं तर तो सगळा दाब टाकीच्या शिवणीवर. आणि त्यातच कधी थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउटनेही दगा दिला तर बंद डब्यात १०० अंशांच्या वर पाणी राहतं. टाकी फाटली की त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं आणि टाकी भिंतीसकट उडते. त्या तोंडाला अर्ध्या इंची नळी जोडून उतार देऊन न्हाणीच्या मोरीपर्यंत सोडा, टोक उघडं ठेवा, नळीत खोलगट भाग नको. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये कॉक लावू नका, कधीच. कॉक हवा तो व्हॉल्व्हच्या आधी, गार लाइनवर.

फ्लँजमधून येत असेल तर गॅस्केट. डब्याच्या शिवणीतून, तपकिरी रंगाचं येत असेल तर टाकी आतून फुटली. तिला वेल्डिंग, एमसील काही लागू पडत नाही. आत लेप आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने तो आसपास हातभर तडकतो.

नऊ वर्षांत मॅग्नेशियमचा रॉड कधी बदललाय का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे नसावा. जुना गिझर उतरल्यावर फ्लँज खोलून पाहा. नवा रॉड करंगळीपेक्षा जाड असतो. तुम्हाला तिथे बहुतेक नुसती लोखंडी तार मिळेल, तिला खडूसारखा पांढरा भुगा चिकटलेला, आणि खाली तळाशी त्याच भुग्याचा चिखल. काचेच्या लेपाला कुठे ना कुठे टाचणीएवढं भोक असतंच, शिवणीपाशी, नळीच्या मुळाशी. रॉड असेपर्यंत गंज रॉडला खातो, लोखंड वाचतं. रॉड संपला की गंज त्या भोकातून लोखंडात शिरतो. गोव्यात गिझर क्षाराच्या थराने कमी मरतात आणि गंजाने जास्त. देशावर कठीण पाण्याने एलिमेंटवर चुना बसतो. आपलं जांभ्या दगडातलं विहिरीचं, बोअरचं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, ते धातू खातं. किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात त्यात खारेपणा आला तर रॉड आणखी भराभर झिजतो. म्हणून तिकडच्या माणसाचा ‘दर वर्षी एलिमेंट खरवडा’ हा सल्ला इथे अर्धाच लागू. इथे दर वर्षी रॉड पाहा. जाडी निम्म्याखाली गेली किंवा आतली तार दिसू लागली की बदला. बोअरचं पाणी येणाऱ्या घरात पहिली तपासणी सहा महिन्यांनी करा. फ्लँज खोललं की गॅस्केट नवीनच घाला, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

किती लिटर: चार माणसांना २५ च हवा असं नाही. आपल्याकडे नळाचं पाणी २६ अंशांच्या आसपास असतं. ६० अंशांचं गरम पाणी त्यात मिसळून ४० चं करायचं तर पाच भागांत दोनच भाग गरम लागतं. १५ लिटरमध्ये प्रत्यक्षात दोन बादल्या आंघोळीचं पाणी सहज होतं, आणि गिझर पुन्हा तापायला २ किलोवॅटला १८ मिनिटं लागतात. २५ लिटरला अर्धा तास. चौघं पाठोपाठ आंघोळ करणार असतील तर २५, मध्ये वीस मिनिटं जात असतील तर १५ पुरे. भिंत चिऱ्याची आहे, दहा किलो पाणी कमी टांगलेलं बरं.

दाब: तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर. दहा मीटर उंची म्हणजे १ बार. त्यावर पंपाचा दाब. ८ बार लिहिलेलाच घ्या, आणि पंप किती बारला बंद होतो ते सोसायटीला विचारून ठेवा. जुना गिझर नऊ वर्षं १ बारवर होता. पंप आल्यावर थेंब सुरू झाले का, हेही आठवून पाहा.

वास्को_स्टील:

एवढं सगळं कशाला? स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा घ्या, गंजाचा प्रश्नच मिटला, रॉडची कटकट नाही. नाहीतर ३ किलोवॅटचा इन्स्टंट बसवा. छोटा, हलका, चिऱ्याच्या भिंतीला भार नाही.

नळजोड_डिचोली:

इन्स्टंट चालेल, पण हिशेब करून. ३ किलोवॅट मिनिटाला ३ लिटर पाणी १४ अंशांनी वाढवतो. २६ चं ४० होतं. १८ लिटरची बादली भरायला सहा मिनिटं. बादलीने आंघोळ करणाऱ्याला ठीक, शॉवरला नाही. करंट १३ अँपियर. ४.५ किलोवॅटचा घेऊ नका. त्याला जवळजवळ २० अँपियर लागतात, निदान ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणि २५ अँपियरचा एमसीबी हवा. खोर्लीकरांच्या २.५ च्या वायरवर तो लावायचा नाही.

स्टीलचं मात्र पटत नाही. ३०४ स्टील साध्या गंजाला पुरून उरतं, पण क्लोराइडला हरतं, आणि गरम पाण्यात, वेल्डच्या शिवणीपाशी लवकर हरतं. ३०४ ला गार पाण्यात साधारण २०० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोराइड ही सावध मर्यादा धरतात, ६० अंशांना ती बरीच खाली येते. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, क्लोराइड २५० पर्यंत स्वीकारतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत. म्हणजे प्यायला चालणारं पाणी ३०४ च्या टाकीला चालेलच असं नाही. तिथे मिठाने टाकी पातळ होत नाही, एका जागी सुईसारखं भोक पडतं. बाहेरून टाकी नवी कोरी दिसते आणि गळते. बारमाही अस्नोड्याचं किंवा ओपाचं नळाचं पाणी असेल तर स्टील चांगलं. उन्हाळ्यात बोअर मिसळत असतील तर काचेचा लेप आणि रॉड, आणि रॉड बदलत राहायचं. तांब्याची टाकी मिळत असेल तर तीही आंबट पाण्यात हळूहळू विरघळते. बादलीत निळसर डाग दिसू लागले तर समजावं. शिवाय तांब्याच्या टाकीला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप लावला की पाइप सडतो.

चिरेबंदी_काणकोण:

भिंतीबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. चिऱ्यात साधा रॉल बोल्ट धरत नाही. बोल्ट आवळला की तो फुगून आतला चिरा कुस्करतो. सुरुवातीला घट्ट वाटतो, सहा महिन्यांनी हलायला लागतो. १५ लिटरचा गिझर पाण्यासकट २२-२३ किलो, २५ चा ३५ च्या पुढे. तो डोक्यावर टांगलेला असतो.

पहिली पसंती: जागा बदलून काँक्रीटच्या बीमवर किंवा लिंटेलवर टांगा. गिलाव्यावर टिचकी मारून आवाजाने कळतं, आणि भोक पाडताना धूळ करडी आली तर काँक्रीट, तांबूस-पिवळी आली तर चिरा.

दुसरी: भिंतीच्या पलीकडे डक्ट असेल तर १० मिलिमीटरचा स्टेनलेस रॉड आरपार आणि मागे १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटरची पट्टी. याला तोड नाही.

तिसरी: केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिनने चिकटवलेला स्टड, पण जाळीच्या नळीसकट, कारण चिऱ्यात पोकळ्या असतात आणि रेझिन आत वाहून जातं. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा. सांध्याच्या चुन्यात-सिमेंटात नाही, चिऱ्याच्या मध्यावर, कडेपासून दहा सेंटिमीटर आत. खोली गिलावा सोडून १०० मिलिमीटर. धूळ पंपाने फुंकून, ब्रशने घासून, परत फुंकून काढा. इथे कंटाळा केला की रेझिन धुळीला चिकटतं, चिऱ्याला नाही. जाळी घाला, तळापासून रेझिन भरत बाहेर या, १० मिलिमीटरचा स्टड फिरवत आत ढकला. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावू नका. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओली असते, तेव्हा ओल्या भोकाला चालेल असं लिहिलेलंच रेझिन घ्या. जुन्या गिझरचे बोल्ट पुन्हा वापरू नका.

खोर्ली_म्हापसा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासून आलो. प्लग काढल्यापासून आरसीसीबी एकदाही पडला नाही. पिनांच्या मुळाशी ताई म्हणाल्या तसा तपकिरी रंग आहे. मेगर गार असताना ४ मेगाओहम, तापल्यावर जवळजवळ शून्य. टिश्यूचं उत्तर: डब्याची शिवण, पाणी तपकिरी. म्हणजे बदलायचा.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायच्या पेनने नळाचं पाणी ७० आणि बोअरचं ६४०. बोअरची पीएच पट्टी ६ च्या जवळ. १५ लिटर, काचेचा लेप, ८ बार असं ठरवतोय. भिंतीच्या वरच्या पट्ट्यात बीम आहे, तिथे बसेल.

दोन शंका. गिझरपासून नळापर्यंतचा पाइप पांढरा आहे, त्यावर यूपीव्हीसी लिहिलंय. चालेल का? आणि जुना उतरवताना-नवा भरताना क्रम काय?

नळजोड_डिचोली:

यूपीव्हीसी गरम लाइनला अजिबात नाही. तो ६० अंशांना मऊ पडतो, सांध्यापाशी वाकतो आणि आता पंपाचा दाबही आहे. गरम बाजू सीपीव्हीसीने (गरम पाणी सोसणारा पाइप) बदला, १५ मिलिमीटर, टोकाला पितळी आट्यांचा अडॅप्टर. गार बाजूचा शेवटचा हातभरही सीपीव्हीसीच ठेवा. गिझर आणि भिंत यांच्यात दोन्हीकडे विणलेल्या स्टीलच्या लवचीक नळ्या, १८ इंची, रबरी वॉशरसकट. नळीच्या वॉशर असलेल्या टोकाला टेफ्लॉन लावायचं नसतं. अडॅप्टरच्या आट्यांना आठ-दहा वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. सीपीव्हीसीचं सोल्युशन लावून दाबाचं पाणी लगेच सोडू नका, डब्यावरचा वेळ पाळा.

उतरवताना: प्लग काढलेला आहेच. पाणी पूर्ण गार होऊ द्या. गार कॉक बंद. गरम नळ उघडा, थोडं पाणी येईल आणि थांबेल. तेवढ्यावर टाकी रिकामी झाली असं समजू नका, २५ लिटर आतच असतं, कारण गरम पाणी टाकीच्या माथ्यावरून नळीने निघतं. आधी लाल बाजूची नळी सैल करा म्हणजे हवा आत जाईल. मग खाली बादली धरून निळ्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढा. दोन बादल्या लागतील, मध्ये बदलायला दुसरा माणूस असू द्या. मगच भिंतीवरून उचला.

नवा लावताना व्हॉल्व्हवरचा बाण गिझरकडे. निळ्याला गार, लालला गरम. उलट लावलं तर गार पाणी वरून शिरून गरम पाण्यात मिसळतं आणि नळाला कोमटच येतं. भरण्याआधी गार लाइन बादलीत मिनिटभर मोकळी सोडा, पाइप कापताना पडलेला कीस निघून जाईल. मग जोडा, गरम नळ पूर्ण उघडा, गार कॉक उघडा. नळ आधी हवा फुस्कारेल, मग तुटक पाणी, मग अखंड धार. अखंड धार दोन मिनिटं येऊ द्या. त्यानंतर नळ बंद करून सगळे सांधे टिश्यूने पुसून पाहा. त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केलं तर ते काही सेकंदांत जळतं आणि ते वॉरंटीत बसत नाही. थर्मोस्टॅट ६० वर. त्यापेक्षा वर नेलं तर रॉड लवकर झिजतो. ४५-५० वर ठेवून कायम चालू सोडणंही बरं नाही, कोमट साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

खोर्ली_म्हापसा:

काल बसवला, बीमवरच. डबल पोल स्विच बाहेर घेतला. आरसीसीबी शांत. फक्त एक: व्हॉल्व्हमधून थेंब येतात ते तापतानाच नाही, स्विच बंद असतानाही. रात्रभर भांडं ठेवलं, सकाळी जवळपास अर्धा लिटर. बूच मारणार नाही, पण हे बरोबर आहे का?

नळजोड_डिचोली:

नाही, हे बरोबर नाही, पण बहुधा सोपं आहे. पाणी गार असताना फुगण्याचा प्रश्न नसतो. एकतर व्हॉल्व्हच्या सीटवर कीस अडकलाय, किंवा रात्री दाब व्हॉल्व्हच्या मर्यादेपर्यंत चढतोय.

आधी कीस. व्हॉल्व्हवरची छोटी दांडी वर उचलून पाच सेकंद पाणी जोरात सोडा, झटक्यात खाली सोडा. असं चार-पाच वेळा. खाली पांढऱ्या भांड्यात धरलंत तर सीपीव्हीसीचा पिवळसर कीस दिसेल. पुन्हा रात्रभर भांडं ठेवा. कोरडं राहिलं तर काम झालं.

तरीही थेंब येत असतील तर शॉवरच्या तोंडाला अर्ध्या इंची प्रेशर गेज लावा आणि रात्री साडेदहाला, पहाटे पाचला वाचा. शॉवरचा कॉक उघडा आणि बाकी सगळे नळ बंद असताना काटा ३ बारच्या आत हवा. ५-६ च्या वर जाऊन थांबत असेल तर पंपाचा स्विच वरच्या आकड्यावर लावलाय. तो सोसायटीकडून खाली आणून घ्या, नाहीतर तुमच्या फ्लॅटच्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लावून ३ वर ठेवा. काटा ३ च्या खाली असूनही गळत असेल तर व्हॉल्व्हची स्प्रिंगच सदोष आहे, गिझरच्या वॉरंटीत बदलून मिळायला हवा. बदलून घेताना तितक्याच बारचा घ्या.

तारमाप_फोंडा:

आणि ती व्हॉल्व्हची नळी मोरीकडे नेताना कनेक्टर बॉक्सच्या वरून जाऊ देऊ नका. तिच्यावर बाहेरून दव धरलं तर ते थेंब बॉक्सच्या झाकणावर पडत राहतात.